कुठं खायचं? सांगतो की!

कोल्हापुरात कुणालाही पत्ता विचारा. माणूस हातातलं काम सोडून पत्ता सांगतो. तुमच्या चेहऱ्यावर शंका दिसली तर गाडी स्टँडवर लावून पुन्हा सांगतो, आणि तरीही तुम्ही गोंधळलेलेच दिसलात तर ‘या माझ्या मागनं’ म्हणत स्वतःच पुढं निघतो. इथवर सगळं ठीक. पण त्याच माणसाला ‘इथं मिसळ चांगली कुठं मिळते हो?’ असं विचारण्याआधी त्याच्या शेजारी दुसरा कुणी उभा नाही ना, एवढं बघून घ्यावं. पहिला फडतऱ्यांचं नाव घेतो. दुसरा नुसतंच ‘छ्या!’ म्हणतो आणि चोरगेंचं नाव घेतो. पानटपरीवर चुना मळत उभा असलेला तिसरा, ज्याला कुणी काही विचारलेलंच नसतं, तो ‘बावड्याची खाल्लीसा का कधी?’ असा उलटा प्रश्न टाकतो. तोवर टपरीवाला पानाला लवंग टोचता टोचता ‘खासबाग सोडून कुठं काय हाय?’ म्हणून मोकळा होतो. पाहुणा उपाशी तो उपाशीच. वर त्याच्या गाडीचा नंबर बघून तो कुठल्या गावचा आणि त्याला तिखट झेपेल का, याचीही चर्चा सुरू झालेली असते.

इतर शहरांत चव ही ज्याची त्याची असते. कोल्हापुरात ती पेठेची असते. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्याला पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचे पाठीराखे ज्या ईर्षेनं समोरासमोर बसतात, त्याच ईर्षेनं सकाळी माणसं आपापल्या मिसळीच्या बाकड्यावर जाऊन बसतात. संघ काही आपण निवडत नाही, ज्या गल्लीत जन्मलो त्या गल्लीचा तो असतो. मिसळीचंही तेच. आजोबा जिथं खायचे तिथं वडील, वडील जिथं खायचे तिथं पोरगा. मध्येच पोरानं दुसरीकडं जाऊन खाल्ली आणि ती त्याला आवडली, तर ती गोष्ट तो घरी सांगत नाही. माझ्या माहितीतल्या एका घरात सासरची मिसळ वेगळी आणि माहेरची वेगळी आहे. लग्नाला वीस वर्षं उलटली तरी त्या दोन घरांनी रविवारचा नाष्टा एकत्र केलेला नाही. बाकी संबंध अतिशय चांगले आहेत.

आमचे पुण्याचे साडू एकदा आले ते मोबाइलवर यादी घेऊनच. यादीत नावं होती, नावांपुढं चांदण्या होत्या, आणि कुणी कुणी काय म्हटलंय तेही होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या आबांनी चष्मा कपाळावर चढवून ती यादी हातात घेतली. मतदारयादी तपासावी तशी बोट फिरवत वाचली आणि विचारलं, ‘ह्या चांदण्या कुणी दिल्या?’

‘लोकांनी, आबा.’

‘कुठल्या लोकांनी?’

साडूंना उत्तर देता येईना. चांदणी देणारा कुठल्या पेठेचा, हे माहीत नसताना त्या चांदणीवर विश्वास कसा ठेवायचा, हा आबांचा मुद्दा होता आणि त्यात तथ्य होतं. मग आबांनी स्वतःची यादी सांगितली. ती एकाच नावाची होती. साडू म्हणाले, ‘पण आमच्या पुण्यातही आता चांगली मिसळ मिळते.’ आबांनी चष्मा परत नाकावर घेतला. ‘प्रभात फिल्म कंपनी 1929 साली हितं निघाली. 1933 साली तुम्ही ती पुण्याला नेलीसा. आम्ही काय बोललो? पर मिसळ न्यायची म्हणजे कंपनी न्यायची न्हवं.’

मिसळीचं प्रकरण मुळात सोपं आहे. खाली मोडाची मटकी, कुठं बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा-फरसाण, त्यावर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. हे सगळं कुणालाही जमतं. खरी गोम कटात आहे. सुकं खोबरं, कांदा, लसूण, आलं, धणे, तीळ आणि खडा मसाला भाजून वाटायचा. तो तेलावर तेल सुटेपर्यंत परतायचा, त्यात कांदा-लसूण चटणी घालायची आणि मग पाणी. पातेल्यावर बोटभर तांबडा तवंग आला की कट झाला. कोल्हापूरच्या बाहेर या तवंगाला माणसं घाबरतात. इथं तवंग पातळ दिसला तर गिऱ्हाईक मालकाला विचारतं, ‘काय मालक, तब्येत बरी हाय न्हवं?’

मिसळीबरोबर इथं स्लाइस ब्रेड येतो. मुंबईकराला हे बघून धक्का बसतो. पाव कुठाय, असं तो विचारतो. स्लाइस कटात बुडवला की कट शोषून घेतो आणि तोंडात जाईपर्यंत कसाबसा धीर धरतो. पाव बुडवला की वरवर ओला होतो आणि आत कोरडाच राहतो. असा माणूसही कोल्हापुरात कुणाला आवडत नाही.

पहिल्यांदा आलेल्या माणसाची फजिती ताट समोर आल्यावर होते. तो आधी कट सगळा ओततो आणि फरसाण भिजवून लगदा करतो. शेजारचा अनोळखी माणूस ते बघत असतो, पण त्याला ते फार वेळ बघवत नाही. ‘ओ पावणं, थोडा थोडा घ्या की. कट काय पळून जात न्हाई.’ मग तो स्वतःच्या ताटात प्रात्यक्षिक करून दाखवतो. तेवढ्यात पोऱ्या कटाची किटली घेऊन येतो आणि न विचारता दोघांच्याही वाट्यांत ओततो. कट वाढायला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याकडं पोऱ्या डॉक्टर पेशंटकडं बघतो तसा बघतो. पाहुण्याच्या कपाळावर घाम, नाकात पाणी आणि तोंडात ‘स्स्स’ असं सुरू झालं की आजूबाजूची चार टेबलं समाधानानं पुन्हा खायला लागतात. गावाची इज्जत राहिलेली असते.

सकाळी उठून रस्सा खाणारं जगात आपणच, असा इथं एक समज आहे. तो खरा नाही. व्हिएतनाममध्ये हनोईला लोक दिवस उजाडताच रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसतात आणि ‘फो’ नावाचा रस्सा वाटीनं पितात. हाडं तासन् तास मंद आचेवर उकळून काढलेलं पाणी, त्यात तांदळाच्या शेवया, वर हिरवा पाला आणि लिंबू. पावाची गोष्टही आपल्यासारखीच. फ्रेंच लोक तिकडं राज्य करायला आले आणि लांबडा पाव ठेवून गेले. व्हिएतनामी माणसानं तो पाव उभा चिरला आणि त्यात आपलं लोणचं, कोथिंबीर, मिरची कोंबली. पोर्तुगीजांनी आपल्याकडं पाव आणला, आपण तो कटात बुडवला. राज्यं गेली, पाव राहिला.

हनोईत 2016 च्या मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा आणि खाद्यभ्रमंतीचे कार्यक्रम करणारे अँथनी बोर्डेन यांनी एका साध्या खाणावळीत बसून ‘बुन चा’ खाल्लं. पुढं खाणावळीनं ते टेबल, ताटल्या आणि बाटल्यांसकट काचेच्या पेटीत घालून ठेवलं. ही हकीकत मी आबांना सांगितली. आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘टेबल काचंत ठेवलं? मग गिऱ्हाईक कुठं बसवत्यात?’ ओबामा कोल्हापुरात मिसळ खायला आले असते तर दुसरा स्लाइस संपायच्या आत मागून आवाज आला असता, ‘उरका की साहेब, मागं माणसं थांबल्यात.’

दुपारी विषय तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा. यासाठी खाणावळी आहेत. लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस, ओपल, पारख, देहाती, अशी नावं बाहेरगावच्या माणसालाही ठाऊक असतात. इथं गुपित पातेल्यात असतं. आलं, लसूण, हळद, मीठ लावून मटण शिजवलं की जे पाणी सुटतं, ते आळणी. या एकाच आळणीचे दोन भाऊ निघतात. एकाला कांदा-लसूण चटणी आणि भाजलेलं वाटण मिळालं की तो तांबडा. दुसऱ्याला नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू आणि खडा मसाला मिळाला की तो पांढरा. एकाच घरचे, पण एक तालमीतला आणि एक देवळातला. जाणता माणूस आधी पांढरा वाटीनं पितो. नवखा तो भातावर ओततो. त्याला कुणी रागावत नाही, पण पुढच्या वेळी पांढरा त्याच्यासमोर थोडा उशिरा येतो.

रस्सा दोन्ही मागाल तितका मिळतो, मटण मात्र मोजूनच येतं. त्यामुळं इथल्या माणसानं एक अर्थशास्त्र बसवलं आहे. चार फोडींवर दोन भाकरी आणि आठ वाट्या रस्सा जिरवायचा. पहिल्या तीन वाट्यांपर्यंत फोडीला हात लावायचा नाही. शेवटची फोड शेवटच्या घासाला. हे ज्याला जमलं त्याला संसार जमला, असं आमच्याकडची वडीलधारी माणसं मानतात.

या तांबड्याचा तांबडेपणा येतो कुठून, हाही एक नाजूक प्रश्न आहे. रंगाला ब्याडगी मिरची लागते आणि ठसक्याला संकेश्वरी. ब्याडगी हावेरी जिल्ह्यात, संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे दोन्ही आज कर्नाटकात. सीमाप्रश्नावर इथला माणूस कितीही पोटतिडकीनं बोलू दे, उन्हाळा लागला की चटणीसाठी मिरची घ्यायला पिशवी घेऊन हजर. डंकाबाहेर डबे घेऊन बायकांची रांग लागते, सगळ्या गल्लीला शिंका येतात आणि वर्षाची चटणी कांडून घरी येते. त्याहून मोठी गंमत म्हणजे मिरची मुळात ना महाराष्ट्राची ना कर्नाटकाची. ती अमेरिका खंडातून निघाली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इकडं उतरली. म्हणजे त्याआधी आपल्या पूर्वजांकडं फक्त पांढराच असणार. आबांना हे सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

आणखी एक बदनामी अशी की कोल्हापुरी माणूस नुसतं तिखट खातो. खरं म्हणजे हा जिल्हा उसाचा. साखर कारखाने कुठल्याही दिशेला गेलात तरी लागतात आणि इथल्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. इतका गोडवा पिकवून तो बाकीच्या देशाला पाठवायचा आणि आपण घाम पुसत रस्सा प्यायचा, याला त्याग म्हणतात. देशानं मात्र त्याची परतफेड ‘व्हेज कोल्हापुरी’नं केली. दिल्लीपासून दुबईपर्यंतच्या मेनूकार्डावर ही भाजी आहे. फ्लॉवर, गाजर, वाटाणा, वर लाल रस्सा आणि त्यावर उभी ठेवलेली एक सुकी मिरची. कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात ही भाजी होत नाही. बाहेरगावी लग्नाला गेलेला कोल्हापूरकर ती वाढून घेतो, ओळख पटते का बघतो आणि निमूटपणे मठ्ठा मागतो.

मटणाच्या बाबतीत हे गाव किती गंभीर आहे, ते 2019 च्या अखेरीस उभ्या महाराष्ट्रानं पाहिलं. तेव्हा मुंबईत सरकार कुणाचं आणि मुख्यमंत्री कोण, यावर रोज नवी बातमी येत होती. सगळं राज्य टीव्हीला चिकटलं होतं. कोल्हापुरात आंदोलन पेटलं होतं ते मटणाच्या दरावर. दर वाढला म्हणून लोक रस्त्यावर उतरले. कसबा बावड्यानं आवाज उठवला, बैठका झाल्या, समित्या बसल्या, निवेदनं गेली. विक्रेतेही हटेनात. दुकानं बंद राहिली. मटणाविना गेलेल्या त्या दिवसांत गावात इतकी शांतता होती की बाहेरच्या माणसाला कर्फ्यूच वाटावा. मुंबईत भल्या सकाळी शपथविधी झाला, ती बातमी आमच्या गल्लीत कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवली. आबांनी विचारलं, ‘ते असू दे. दराचं काय ठरलं?’

याच मटणाचा आणखी एक अवतार म्हणजे रस्सा मंडळ. मंडळ म्हटलं की अध्यक्ष, सचिव, पावतीपुस्तक आलं असं बाहेरच्याला वाटतं. इथं फक्त एक पातेलं, तीन दगड आणि कुणाचं तरी शेत लागतं. पंधरा-वीस माणसं ठरवतात, ठरल्यावर पन्नास येतात. एक जण चटणी आणतो, एक जण पालव्याचं मटण आणतो आणि बाकीचे सगळे सूचना आणतात. चुलीपुढं बसलेला माणूस त्या दिवशीचा सार्वभौम. तो डाव पातेल्यात घालतो, तळहातावर दोन थेंब टाकून चाटतो आणि आभाळाकडं बघतो. पन्नास माणसं श्वास रोखून त्याच्या तोंडाकडं बघत असतात. तो ‘मीठ’ एवढंच म्हणतो. मग मीठ कमी की जास्त, यावर अर्धा तास जातो. अशा ठिकाणचा रस्सा कुठल्याही यादीत सापडत नाही आणि त्याला चांदण्याही मिळत नाहीत. चांदण्या वर असतात.

ज्यांना मटण चालत नाही, त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांपैकी कित्येकांचा त्या दिवशी उपवास असतो किंवा बरोबरच्या आजींचा डोळा असतो. त्यांच्यासाठी पन्हाळ्यावर झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही आहे. हायवेच्या ढाब्यांवर अख्खा मसूर आहे. मसुरालाही इथं कट येतो. मसूर खाणाऱ्यानं आपण काही कमी खाल्लं, असं मनाला लावून घेऊ नये, अशी ही व्यवस्था.

संध्याकाळी पाय आपोआप खासबागेकडं वळतात. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेलं कुस्त्यांचं मैदान आणि शेजारीच 1915 साली उघडलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह. 2024 च्या ऑगस्टमध्ये नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा रात्री माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. त्या परिसरात राजाभाऊंची भेळ आहे. एकीकडं मल्ल, दुसरीकडं नट आणि मधोमध भेळ. तिघांचंही काम एकच, समोरच्याला जागेवर खिळवून ठेवायचं. भेळेनंतर रंकाळा तलावावर फेरी मारायची आणि सोळंकींकडं कॉकटेल घ्यायचं. हे कॉकटेल आइस्क्रीमचं असतं, हे पाहुण्याला आधी सांगावं. आमचे साडू नाव ऐकून घाईघाईनं निघाले होते. समोर फळं, सुकामेवा आणि आइस्क्रीमचा डोंगर बघून त्यांचा चेहरा जरा पडला, पण तो डोंगर त्यांनी एकट्यानं उतरवला.

दिवसाचा शेवट गंगावेशीत. गंगावेश तालमीचं नाव कुस्तीतल्या कुणालाही विचारा. तिथल्या दूधकट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात. तुमच्या समोर धार काढली जाते आणि फेसासकट पेला हातात येतो. दूध कुठून आलं, कधी आलं, पाणी किती, असले प्रश्न उरतच नाहीत. ज्यांना विचारायचं त्या शेजारीच रवंथ करत उभ्या असतात. पेला एका दमात रिकामा करायचा आणि मिशीवरचा फेस पुसायचा नाही. मिशी नसलेल्यांनाही त्या क्षणापुरती ती येते. साडूंनी ‘कोमट आहे’ अशी तक्रार केली. दूधवाल्यानं म्हशीकडं बोट केलं. ‘तिला सांगा.’

आता एवढं सगळं ऐकल्यावर पाहुणा शेवटी हमखास विचारतो, ‘ते सगळं खरं, पण यातलं सगळ्यात भारी काय?’ आणि मग कोल्हापूरकराचं खरं उत्तर बाहेर पडतं. मघापासून ज्या मिसळीसाठी तो भांडत होता, ज्या खाणावळीची शपथ घेत होता, ती सगळी तो एका वाक्यात मोडीत काढतो. ‘ह्यातलं काय बी नको. रविवारी घरी या.’ हे आमंत्रण असतं, आणि आपल्या गल्लीबाहेरचं काहीच खरं नाही याचा कबुलीजबाबही असतो. जी माणसं चवीवरनं अख्ख्या गावाशी वाद घालतात, त्यांना मनातून पक्कं ठाऊक असतं की शेवटचा निकाल घरच्या पातेल्यातच लागतो.

रविवारी साडू घरी जेवायला थांबले. सकाळी खाटकाकडं रांग लावण्यापासून ते होते. मटण आलं, आळणी निघाली, तांबडा झाला. पांढऱ्याला फोडणी पडणार एवढ्यात आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘खसखस जरा जास्त घालते.’ आई म्हणाली, ‘आमच्यात तिळाचाच असतो.’ आत्या नाष्ट्याला म्हणून आल्या होत्या, त्यांनी दोघींनाही काजू सुचवले. शेजारच्या काकूंनी खिडकीतून ‘नुसतं नारळाचं दूध पुरे हो’ म्हणून चौथी आघाडी उघडली. वडिलांनी पेपर खाली ठेवला आणि त्यांच्या आईच्या पांढऱ्याची आठवण काढली, ती काढायला नको होती.

जेवण वाढायला अडीच वाजले. रस्सा अप्रतिम झाला होता, कुणाच्या पद्धतीचा ते अजून ठरायचं आहे. तेव्हा कोल्हापुरात येणाऱ्यांना एवढंच सांगणं: कुठं खायचं ते जरूर विचारा, सगळे आनंदानं सांगतील. फक्त भूक लागायच्या तासभर आधी विचारा.